पहिल्या पेपरचा मान

जुन्नरात पंपाची मोटार जळाली की लोक चांदभाईकडं जातात. रिवाइंडिंगचं दुकान, शिक्षण नववी. आणि हाच माणूस १९९५ पासून दर डिसेंबरात अवकाशयानाच्या इंजिनिअरिंगची परिषद भरवायचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पहिल्या वर्षी लोक हसले. सातव्या वर्षी दोन तालुक्यांतून एकोणीस पेपर आले. डिप्लोमावाले, आयटीआयचे मास्तर, दूरदर्शनची अँटेना बसवणारेसुद्धा. हॉल, माईक, मांडव माझ्याकडं. रॉकेटमधलं मला कळत नव्हतं, पण मोर्चे काढून माणसं जमवायची सवय होती.

पेपर मात्र सगळे तोच तपासायचा. लुना काढून लिहिणाऱ्याच्या घरी जायचा आणि उंबऱ्यातच उभा राहून जाब विचारायचा. बसायचा नाही. चहा येईतो हा गाडीला किक मारतोय.

पहिल्या परिषदेत पहिला पेपर वाचला महाळुंगे पडवळच्या रखमाजी गुरुजींनी. दुसऱ्या वर्षी पुन्हा त्यांनीच. झालं! आमच्या लोकांनी त्याचा मान करून टाकला, जत्रेत काठीचा असतो तसा. पुढं गुरुजी वारले आणि २००१ साली त्यांचा मुलगा सयाजी पेपर घेऊन आला. उपग्रहाची पेटी तापू नये म्हणून त्यानं आत पंखा बसवला होता.

"सयाजी, वर हवाच नाय. पंखा ढकलील काय?" चांदभाईनं पेपर परत केला.

"पेपर राहू द्या. पहिला मान आमचा हाय."

"मान घे ना. नारळ फोड. पेपर नाय वाचायचा."

सयाजी तणतणत गेला. गावची पोरं परिषदेला पाठवत नाही म्हणाला. माझं डोकं फिरलं. फळ्यावर पहिलं नाव मी खडूनं ठसठशीत लिहिलं: चांद.

त्याचा पेपर होता वेटोळ्याचा. तांब्याच्या तारेत वीज सोडली की पृथ्वीच्या चुंबकत्वावर रेटा देऊन उपग्रह वळतो. गुंडाळी हा तर त्याचा धंदाच. सहा वर्षं दुकानात धाग्याला वेटोळी टांगून तो ते मोजत होता. आणि त्याच वर्षी पुण्याहून एक निवृत्त इंजिनिअर येणार होते. त्यांनी कळवलं होतं, दुसऱ्या कुणी नीट तपासलेला पेपर असेल तर आमच्या संस्थेच्या पुस्तकात छापू. चांदभाईची झोप उडाली. दिवसातून तीनदा माझ्या घरी येऊन मला विचारायचा, "छापतील ना रे?"

परिषदेच्या दिवशी सयाजी आलाच, वीसेक माणसं घेऊन मागच्या रांगेत बसला. चांदभाईनं पेपर वाचला. टाळ्या झाल्या. पुण्याचे साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. तेवढ्यात सयाजी उठला.

"चांदभाई, आमचे पेपर तुमी तपासता. तुमचा कुणी तपासला?"

मी माईक हिसकावून घेतला. "ए, खाली बस! पंख्याचा राग इथं काढू नको."

"राग न्हाई, राव, इचारतोय. ह्यांच्या दुकानात लोखंडी मोटारी किती? त्या जवळ असताना पृथ्वीचं चुंबकत्व सरळ येतंय का?"

साहेबांचं पेन थांबलं. चांदभाईनं माझ्या हातातून माईक घेतला.

"कुणीच नाय तपासला," तो म्हणाला. "आणि मोटारी चाळीस असतील."

मग त्यानं डस्टरनं स्वतःचं नाव पुसलं, दुसरा नंबर असलेल्या येडगावच्या हर्षालीला तिचा पेपर वाचायला उभं केलं आणि सरळ सयाजीपुढं गेला.

"तुझ्या पंख्याची चूक मी धरली. आता माझी तू धर. चल."

मी आडवा आलो. "अरे, साहेब चारला निघणार! आज हो म्हणाले तर छापलं समज."

"सरक," तो म्हणाला.

शाळेमागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी बाभळीला धागा बांधला, खाली कंपासपेटीतला कोनमापक ठेवला. वारा काही थांबेना. वेटोळं भिरभिरत राहिलं. चादर आणली, सयाजीनं ती एका बाजूनं धरली, मला दुसऱ्या बाजूनं धरावी लागली. ज्याला खाली बस म्हणालो त्याच्यासमोर मी चादर धरून उभा! चांदभाई वारा पडायची वाट बघत येरझारा घालत होता. जेवणाची पंगत झाली, तिघांपैकी कुणी गेलं नाही.

शेवटी वेटोळं स्थिर झालं. त्यानं बॅटरी जोडली. ते वळलं, पण दुकानात वळायचं त्याच्या निम्म्यानंही नाही.

सयाजी हळूच म्हणाला, "भाऊ, वळलं तर खरं."

चांदभाईनं आकडा लिहिला. पेन्सिल कागदात रुतत होती. रस्त्यावर साहेबांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"मी थांबवतो त्यांना!" मी चादर सोडली.

"थांबवून काय दाखवू? एकदाच मोजलंय," तो धागा पुन्हा सरळ करत म्हणाला. "चादर धर."