यादीत नसलेला तांडा

दिग्रसच्या बसस्टँडामागं उज्ज्वला राठोडचं ऑनलाइन सेंटर आहे. नऊ वर्षं लोकांचे सरकारी अर्ज भरून तिला रकाने तोंडपाठ झाले, पण त्यांच्यावरचा राग काही गेला नाही.

त्या जूनमध्ये जवळच्या बंजारा तांड्यातली हंसाबाई चौथ्यांदा आली. नात खुशीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी रहिवासी दाखला हवा होता आणि मुदतीला चारच दिवस उरले होते. साइटवरच्या गावांच्या यादीत त्यांचा तांडा नव्हताच. शेजारचं गाव निवडलं, तर घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव टाकल्याशिवाय पान पुढं सरकेना. तांड्यात घरांना नंबर कुठले? मराठी पानावर इंग्रजीत लाल अक्षरं उमटली आणि भरलेलं सगळं पुसून गेलं.

“माह्यंच काही चुकलं का वं?” हंसाबाईनं विचारलं.

उज्ज्वलाच्या मस्तकात तिडीक गेली. “याडी, माय माही, तुह्यं कायले चुकन? ज्यानं बनवलं त्याचं चुकलं!”

उज्ज्वलाची मामेबहीण रुपाली इंग्लंडात नर्स होती. तिनं तिकडच्या सरकारी साइटची पानं मोबाइलवर पाठवली होती. एका पानावर एकच प्रश्न, साधे शब्द. चुकलं तर काय चुकलं आणि कसं सुधारायचं, ते तिथंच लिहिलेलं. न्यूझीलंडची साइट उज्ज्वलानं स्वतःच शोधून पाहिली होती. माणूस कुठं अडेल, याचा तिकडं आधी विचार केलेला. इकडं अडलेलीच म्हातारी स्वतःला दोष देत बसलेली! उज्ज्वला ऑनलाइन तक्रार करायला गेली, तर तक्रारीचा रकाना देवनागरी घेईना.

दुसऱ्या दिवशी इंग्लंडची, न्यूझीलंडची आणि आपल्याकडची अशी तिन्ही देशांची पानं छापून ती हंसाबाईला घेऊन यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात धडकली.

“वेबसाइट आमच्या हातात नाही, बाई,” तिथले साहेब म्हणाले.

“मंग तुम्हीच भरून दाखवा, साहेब. ह्या सांगतीन, तुम्ही भरा.”

साहेब पंचवीस मिनिटं झटले. शेवटी तीच लाल अक्षरं आली. ओशाळून त्यांनी कागदी अर्ज मागवला. तिसऱ्या दिवशी दाखला मिळाला, खुशीचा प्रवेशही झाला. हंसाबाईनं उज्ज्वलाच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

उज्ज्वलाचा राग मात्र उतरला नाही. “एकीचं काम झालं. बाकीच्यायनं काय साहेबाच्या टेबलावर जाऊन बसाव?” ती म्हणाली.

आता कोण कुठल्या रकान्यात अडलं, ते ती वहीत टिपते आणि दर महिन्याला रजिस्टर पोस्टानं वर पाठवते. तीन पत्रं गेली, उत्तर एकाचंही नाही. चौथं ती लिहून राह्यली आहे.