बोटाच्या मापाचा डाग

"मावशी, रोज जसं घासता तसं बोट तोंडात घाला बरं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी घातलं. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. खालचा ओठ आणि दात यांच्या मधल्या खोबणीत, डाव्या बाजूला. मॅडमनी माझ्या दुसऱ्या हातात आरसा दिला आणि बोट हळूच बाहेर काढायला सांगितलं. बोट होतं तिथं पांढरा डाग होता. बोटाच्या पेराएवढा लांब, टोकाला गोल. पुन्हा बोट ठेवलं तर तो पुरता झाकला गेला, डबीला तिचंच झाकण बसावं तसा.

"याला ल्युकोप्लाकिया म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे पुसून न जाणारा पांढरा चट्टा. हा कॅन्सर नाही. पण त्या वाटेवरचा असू शकतो. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

तो डाग मी आधी बघितला होता. माझ्या सासूबाईंच्या तोंडात, अगदी त्याच जागी. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या डागापायी त्या गेल्या.

मी तेरला राहते, शाळेत पोरांची खिचडी शिजवते. दहावीपर्यंत शिकलेय, तेव्हा लिहिता येतं. माझ्यासारख्या ज्या बाया रोज सकाळी उंबऱ्यावर टेकून बोट काळं करतात, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. बाकीच्यांनी वाचलं तरी काही बिघडत न्हाय.

सुरुवात उन्हाळ्यात झाली. दुपारी भाकरी खाताना दाताखाली खडा आला. जवारी मीच निवडलेली, त्यामुळं शिव्या कुणाला द्यायच्या हाही प्रश्नच होता. हातावर थुंकला आणि बघते तर खडा न्हाय, दात. माझाच. खालचा, पुढचा, मुळासकट. रक्ताचा ठिपका न्हाय, कळ न्हाय. जिभेनं चाचपलं तर शेजारचाही डुलत होता.

दुखलं असतं तर बरं वाटलं असतं, खरं सांगते. रडले असते, लवंग धरली असती. पण आपल्या तोंडातला दात आपल्याला न सांगता निघून जातो, म्हणजे काय म्हणायचं? मी तो ताटाच्या कडेला ठेवला. त्याच्याकडं बघत पुढची भाकरी काही खाल्ली गेली न्हाय.

"वय झालं," आमचे मालक म्हणाले.

"पंचेचाळिसाव्या वर्षी? तुमचं न्हाय झालं ते?"

माझी सून पूजा लगेच म्हणाली, "आई, धाराशिवला जाऊन दाखवू." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

दातांच्या विभागाबाहेर बाकडं आहे. त्यावर बसलेलं कुणीच कुणाशी बोलत न्हाय, प्रत्येकाचा हात गालावर. आतून मशीनचा बारीक आवाज येतो आणि बाहेर सगळ्यांची जीभ एकदम आपापला दात चाचपते. ते तोंडं मिटलेल्या माणसांच्या गालावरून दिसतं. मला तिथं बसवेना.

मॅडम तरुण, बोलायला मऊ. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तंबाखू, गुटखा, सुपारी?"

"न्हाय बाई. तंबाखू माझ्या तोंडाला कधी लागली न्हाय."

पूजानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच खाली बघितलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं न्हाय. मॅडमना तोंडात पांढरा डाग दिसला. शेजारच्या दाताची धार घासत असेल म्हणून त्यांनी ती धार गुळगुळीत केली, लावायला मलमाची ट्यूब दिली, पंधरा दिवसांनी बोलावलं.

देवाशपथ, मी खोटं बोलले नव्हते. तंबाखूची पानं मीच बाजारातून आणते. मीच तव्यावर काळी होईपर्यंत भाजते, ठसक्यानं डोळ्याला धार लागते, मीच कुटते, वस्त्रगाळ करून डबीत भरते. पण त्याला मिश्री म्हणतात. मिश्रीनं दात घासायचे असतात. तंबाखू खाणारे वेगळे, कट्ट्यावर बसून थुंकणारे. मी दिवसातून चार वेळा दात घासणारी स्वच्छ बाई. शाळेत पोरांना ओरडणारी, दात घासले का रे, दाखव बघू!

पंधरा दिवसांनी गेले तर डाग जागच्या जागी. मॅडमनी दवाखान्याच्या वहीत सही करायला पेन दिला. मी सही करायला लागले आणि त्यांची नजर माझ्या हातावर थांबली.

"मावशी, हे बोट काळं कशानं?"

"मिश्रीनं. दात घासते न्हाय का."

त्यांनी पेन काढून घेतला. राग आला न्हाय त्यांना, आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त बोट तोंडात घालायला सांगितलं. पुढचं तुम्ही वर वाचलंयच.

मग त्यांनी एक्स-रे दाखवला. "पेरिओडॉन्टायटिस," म्हणाल्या. म्हणजे हिरडीचं दुखणं आत हाडापर्यंत गेलेलं. "मिश्रीनं हिरडी बधिर होते. तंबाखूमुळं रक्तही कमी येतं. म्हणून तुम्हाला वाटतं, दात छान आहेत. आणि आत हाड झिजत असतं."

म्हणजे दात दुखू नये म्हणून मी जे लावत होते, तेच दात नेत होतं. वरनं मला आरामही देत होतं.

परतीच्या गाडीत पूजा खिडकीकडं तोंड करून बसलेली. तेर जवळ आलं तशी तिनं पदराखालून हात काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. तिचं बोट काळं होतं.

"आई, तुम्हीच दिलेली."

खरंच होतं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तिची दाढ ठणकत होती, तर मी माझ्या डबीतली चिमूट तिच्या बोटावर ठेवली होती. मी नवी नवरी असताना माझी दाढ दुखली, तेव्हा आत्याबाईंनी मला दिली होती तशीच. डबीही तीच, आत्याबाईंची. पितळेची, कडेला चेपलेली.

आत्याबाईंचं आता सांगायला पाहिजे. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना तोंडानं बोलता येत नव्हतं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं करणी केली. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. शुद्ध हरपली तरी त्यांचा उजवा हात उठायचा, बोट ओठाच्या आत जायचं आणि घासत राहायचं. बोटावर काही नसायचं. आम्ही हात खाली ठेवला की पुन्हा उठायचा. गेल्यावर त्यांना आंघोळ मी घातली. सगळं अंग धुतलं, पण त्या बोटाचा काळेपणा निघाला न्हाय. आणि तेराव्याला, पाहुणे गेल्यावर, दमून बसले आणि त्यांचीच डबी उघडली. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं.

बायॉप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढणं, त्याला घाबरू नका. सुई टोचतात तेवढंच. ओठ जड होतो, आपला राहत न्हाय. मसुराएवढा तुकडा काढला, दोन टाके घातले. रिपोर्टला दहा-बारा दिवस लागतील म्हणाले. त्याच दिवशी मी डबी उकिरड्यात खोल पुरली. पूजानं स्वतःहून वरनं दोन पाट्या शेण टाकलं.

ते दहा-बारा दिवस वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, शाळेत एकदा खिचडी करपवली. करपलेल्या वासात मला मिश्री भाजल्याचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. पण ते काहीच न्हाय.

चौथ्या दिवशी सकाळी चहा ओतताना पूजानं माझा हात धरला. बोट काळं होतं.

घरात मिश्रीचा कण नव्हता. मी उकिरड्यावर जाऊन बघितलं, शेण तसंच, वरनं वाळलेलं. दुसऱ्या दिवशी बोट पुन्हा काळं. मालक माझ्याकडं संशयानं बघायला लागले. मी पोराची शपथ घेतली. मग पूजा म्हणाली, त्या बोटाला चिंधी बांधून झोपा. बांधली. सकाळी उठले तर चिंधी उशाशी होती, नीट घडी केलेली. आणि बोट काळं.

घडी घालायची सवय आत्याबाईंची. मला तर कपड्यांचे बोळे करून टाकायची सवय आहे, यावरून आयुष्यभर त्यांची बोलणी खाल्लीत.

सहाव्या दिवशी पहाटे मी चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवून बसले होते. मागून हाक आली, "आई!" पूजा दारात उभी होती. "काय करताय?"

मी खाली बघितलं. माझं बोट चुलीच्या कडेचा विझलेला कोळसा उगाळत होतं. दुसऱ्या क्षणाला ते ओठाशी आलेलं होतं. मला ठाऊकच नव्हतं! हात कधी गेला, किती वेळ चाललं होतं, काही ठाऊक न्हाय. तोंडात राखेची चव होती.

टाके काढायला गेले तेव्हा मॅडमना सांगितलं. त्या हसल्या न्हायत. "इतक्या वर्षांची सवय आहे. हात आता तुम्हाला विचारत नाही," म्हणाल्या. "त्या हाताला दुसरं काम द्या." त्यांनी मऊ ब्रश दिला. पेन धरतात तसा धरायचा, हिरडीकडून दाताकडं हळू फिरवायचा, रगडायचं न्हाय. सकाळी आणि झोपायच्या आधी. काही खाल्लं की खळखळून चूळ. दातानं दोरा तोडायचा न्हाय आणि सोड्याची बाटली उघडायची न्हाय. ते मी लग्नात हौसेनं करून दाखवायची, लई भारी वाटायचं! दिवसभर चुलीपाशी गूळ तोंडात धरून बसायची माझी खोडही त्यांनी तिथंच मोडली.

तेव्हापासून पहाटे उठलं की ब्रश आधी हातात. चुलीपाशी पूजा शेजारी बसायची. माझा उजवा हात तिच्या हातात. पाणी तापेपर्यंत आम्ही तशाच बसायचो.

रिपोर्ट आला. "माइल्ड डिस्प्लेसिया." मॅडमनी समजावलं, कातडीच्या पेशी बिघडायला लागल्यात, पण थोड्याच. कॅन्सर न्हाय. "मिश्री कायमची सुटली तर डाग मागे फिरू शकतो. पुन्हा लावली तर मी काही सांगू शकत नाही. दर तीन महिन्यांनी यायचं." डुलणारा दात काढला, बाकीचे साफ केले. पूजाचंही तोंड तपासलं, डाग नव्हता. दाढ किडलेली होती, ती भरली. एवढंच करायचं होतं तेव्हा, दाढ भरायची. मी तिला चिमूट दिली.

मग पितरांचा पंधरवडा आला.

आत्याबाईंच्या तिथीला पत्रावळीवर खीर, वडे, कढी वाढतो आणि कडेला मिश्रीची चिमूट ठेवतो. त्या गेल्यापासून एकदाही चुकलं नव्हतं. यंदा मी ठेवली न्हाय. मालकांनी पत्रावळ पत्र्यावर ठेवली, काव काव केलं. कावळा आला. पत्रावळीपासून हातभर लांब बसला. घासाकडं बघेना. माझ्याकडं बघत बसला.

बारा वाजले, एक वाजला. कावळ्यानं शिवल्याशिवाय आमच्यात कुणी जेवत न्हाय. मालक खिशातून पुडी काढून म्हणाले, "आणलीय मी. ठिव चिमूटभर. तलफ असंल आईला."

"न्हाय ठेवणार."

"अगं, मेलेल्या माणसाला काय व्हायचंय आता?"

"त्यांना न्हाय, मला व्हायचंय! ती पुडी घरात उघडली की हा हात माझा राहत न्हाय."

मी पत्र्याखाली जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, शेजारणी ऐकत होत्या तरी म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही मला प्रेमानंच दिली, मला माहीत आहे. मी पूजाला प्रेमानंच दिली. पण आता न्हाय देणार. तुम्हालाही न्हाय. उपाशी राहायचं तर राहा."

कावळा तसाच बसून राहिला. चार वाजता पत्रावळ उतरवून गाईला घातली आणि आम्ही जेवलो. मालकांनी पुडी ओढ्यात टाकली. मी बघत होते, म्हणून खात्रीनं सांगते.

दुसऱ्या दिवशी जाग आली आणि हात पांघरुणाबाहेर काढायचं धाडस होईना. घास शिवला नव्हता. त्यांची तलफ कुठं गेली असेल, रात्रभर कुणाच्या हातात फिरली असेल, हेच डोक्यात. शेवटी डोळे मिटून हात काढला आणि उघडून बघितलं.

बोट कोरं होतं.

मी तशीच उठून पूजाच्या दाराशी गेले. "पूजा, तुझं दाखव." तिनं हात पुढं केला. बोट ओलं होतं, आत्ताच धुतल्यासारखं. मी तिचा हात धरला आणि बोट नाकाशी नेलं.

पेस्टचा वास आला.

"आई, दात घासत होते मी," ती म्हणाली. "ऐका की, रडताय कशाला?"