खलनायकाचं नाव कायिझी

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. मसाका शहरातल्या बाजारामागच्या पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये लुब्वामा माइक तोंडाशी धरून पडद्यावरच्या चिनी माणसांना लुगांडा भाषेत बोलतं करत होता.

काम बापापासूनचं. इंग्रजांच्या अमलात सरकारी मोटार गावोगाव सिनेमे दाखवी: हात धुवा, कापूस नीट वेचा. मोटारीपाशी उभा राहून बाप भोंग्यातून अर्थ सांगे. साहेब दोन शब्द बोलला की बापाची दहा वाक्यं होत, आणि लोक त्या दहांसाठीच यायचे. साहेब गेले, मोटारी गंजल्या, व्हिडिओ आला. परक्या सिनेमाला आपला माणूस लागतो, एवढं टिकलं.

कायिझी हा धंदा लुब्वामाच्या शेजारी बसून शिकला. आता तो राजधानीत, कंपालात, सिनेमांच्या डिस्कवर आवाज भरतो. समोरच्या हॉलात त्याच्याच डिस्क लागतात. तिथला हशा रस्ता ओलांडून आला की लुब्वामाच्या पोटात दुखे. टोपी पुढे ओढून त्यानं तिथे एक सिनेमा चोरून पाहिला होता, आणि दोनदा हसलाही होता. ते जास्त झोंबलं.

मालकीण नालुबोवानं सकाळीच बजावलं होतं, आज हॉल भरला नाही तर उद्यापासून आपल्याकडेही कायिझीच्या डिस्क.

परक्या नटांना ओळखीची नावं द्यायची रीतच आहे. गालावर व्रण असलेल्या बदमाशाचं नाव लुब्वामानं कायिझी ठेवलं आणि तासभर हौस फेडून घेतली. कायिझी गोडबोल्या मित्राच्या पाठीत सुरा खुपसायला टपून बसतो. कायिझी म्हातारीची कोंबडी चोरतो.

"दादा, त्यानं तुझं काय घोडं मारलंय?" शेंगदाणे विकणारी नाकिमेरा म्हणाली. लोक हसले. लुब्वामाला गार वाटलं.

पण सिनेमा त्यानं आधी पाहिला नव्हता. नवा सिनेमा थेट माइकवर घ्यायचा, ही त्याची ऐट. शेवटी शेवटी व्रणवाल्यानं खिशातून पोलिसाचा बिल्ला काढला. तो टोळीत मुद्दाम शिरलेला हवालदार निघाला. चोर होता तो गोडबोल्या मित्र.

लुब्वामाचा माइक खाली आला.

"बोल की," मागून कोणी म्हणालं. "कायिझी चांगला निघाला म्हणून वाचा बसली का?"

लुब्वामानं माइक पुन्हा तोंडाशी धरला. "कायिझीला चोर म्हणणारी गाढवं कोण कोण होती? हात वर करा."

हॉल खदाखदा हसला. मग पडद्यावर मारामारी सुरू झाली आणि लोक बाकांवर चढून कायिझीचा जयजयकार करू लागले. प्रत्येक आरोळी लुब्वामाला सुईसारखी टोचत होती, आणि पुढची आरोळी त्यालाच उठवावी लागत होती. गलका ऐकून समोरच्या हॉलातली माणसं आत घुसली. उभं राहायला जागा उरली नाही.

खेळ सुटल्यावर नालुबोवा म्हणाली की डिस्कचं आता राहू दे, पण उद्या हाच सिनेमा आणि हीच नावं.

"बाई, व्रणवाल्याचं नाव लुब्वामा ठेवू या की."

"तुला बघायला कोण येतंय रे?"

दारावरच्या फळ्यावर तिनं स्वतः खडूनं लिहिलं: उद्या दुपारी दोन वाजता, शूर कायिझी. त्याखाली बारीक अक्षरात: आवाज, लुब्वामा.