टोरीचं तेल आणि पदराचं रेशीम

त्या हिवाळ्यात माझ्या बोटांना इतक्या चिरा पडल्या होत्या की सुती धागासुद्धा अडकायचा. मी नवी सून. घरात हातमाग. सासरे विणत आणि आम्ही बायका रहाटावर सूत गुंडाळून विणायच्या कांड्या भरत असू. नणंदेचं लग्न ठरलं, तिच्या लुगड्याचा रेशमी पदर घरीच विणायचा होता. ते रेशीम माझ्या हातून भरलं जावं असं मला फार वाटे. पण मोठ्यांपुढे मी तोंड उघडत नसे.

नणंद आईला म्हणाली, "वहिनीच्या हाती नको देऊ वं माय. बोटं हायेत का किसणी?"

सासूबाई म्हणाल्या, "दहा दिवसांत हात बरे झाले तं देईन. नाही तं नाही."

माझ्या आईने उमरेडहून वाटीभर टोरीचं तेल पाठवलं होतं. टोरी म्हणजे मोहाची बी. थंडीत हे तेल लोण्यासारखं गोठतं आणि बोट लावताच विरघळतं. चिरांवर लावलं की फार बरं वाटे, पण वास उग्र.

नणंद नाक दाबून म्हणाली, "काय वं वहिनी, घाण्याले जुंपलं होतं का तुले?"

मी लाजले आणि देवाजवळचा कापूर कुटून अर्ध्या तेलात मिसळला. जितका सुवास जास्त तितका गुण जास्त, असं वाटलं मला. लावताच हात असे पेटले की मी हौदाकडे धावले.

सासूबाईंनी माझा हात हातात घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"काहून कापूर टाकला वं? चिरलेल्या कातडीले तो झोंबतेच. वास पाहिजे तं वाळा टाक. अन् आधी कोपराच्या आत थोडं लावून पाह्य. एक दिवस काही झालं नाही, तं मग हाताले."

कापराचं तेल मी फेकून दिलं. राहिलेल्या तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवली, त्यात वाळ्याची धुऊन वाळवलेली मुळं टाकली, मग फडक्याने गाळलं. दुसऱ्या दिवशी कोपर पाहिलं. लाली नाही, खाज नाही! मग रोज दुपारी भांडी झाली की हात चोळायचे. चिरा भरत आल्या. हातांना भर थंडीत उन्हाळ्यातल्या माठाचा वास यायचा. मी सारखी हुंगत बसे, कोणी पाहत नाही ना, हे बघून.

दहाव्या दिवशी सासूबाईंनी माझ्या ओंजळीत गव्हाचा कोंडा ओतला. तेलकट बोटाचा डाग रेशमावरून जात नाही, म्हणून कोंड्याने हात कोरडे होईपर्यंत चोळायचे. मग त्यांनी रेशमाचा एक तार माझ्या चिमटीत दिला. नणंद गुडघे टेकून अगदी जवळ बसली.

मी ओढला. तार सरसर निघून आला, कुठे अडकला नाही.

नणंदेने स्वतः रेशमाची लड उचलून माझ्यापुढे ठेवली. "आता बसून काय राहिली वं? भर लवकर. लगन माझं हाय!"