जवाईबापूंचा टीव्ही-गेम

आमच्या थोरल्या भाऊजींइतके वाईट खेळ उभ्या वऱ्हाडात कुणी बनवले नसतील, आणि इतक्या आनंदाने तर जगात कुणीच नाही. आजची पोरं मोबाइलवर पाऊस पडताना बघतात, सावल्या हलताना बघतात, आणि वर नाक मुरडून म्हणतात, "ग्राफिक्स बेकार आहे." अरे बाबांनो, बेकार म्हणजे काय ते आम्हाला विचारा! सत्तरच्या दशकात आमच्या गावी, अनसिंगला बसून आम्ही भाऊजींचा 'शंकरपट' खेळलो आहोत. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. भाऊजींच्या खेळात बैल नव्हते, जोडी नव्हती, शर्यतही नव्हती. एक पांढरा ठिपका होता, आणि कुठे जायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मूळचे रिठदचे, नोकरीला मुंबईच्या एका गिरणीत वायरमन. कुठल्याशा साहेबाच्या घरी त्यांनी परदेशी टीव्ही-गेम पाहिला आणि माणूस कामातून गेला. भंगार बाजारातून सुटे भाग आणून त्यांनी स्वतःचा गेम जोडला, तोही स्वतःच्याच जेवणाच्या डब्यात. डब्याला जुन्या रेडिओची दोन बटणं बसवली आणि पुढे वर्षभर ते गिरणीत पोळीभाजी फडक्यात बांधून नेत होते.

आता अनसिंगला तेव्हा टीव्ही कुठला, असं कुणी विचारेल. होता, एक होता. रेल्वेतून रिटायर होऊन परतलेल्या शेजारच्या काकांनी मुंबईहून येताना आणला होता. आपल्याकडे कार्यक्रम दिसायला अजून अवकाश होता, पण काकांचा सरकारवर विश्वास होता. त्यांनी टीव्हीवर क्रोशाचं झाकण घातलं होतं, त्यावर प्लास्टिकची फुलं ठेवली होती. पाहुणे आले की काका बटण दाबत, पडद्यावर मुंग्या येत, आणि पाहुणे त्या मुंग्यासुद्धा मन लावून बघत. त्या मुक्या टीव्हीला पहिल्यांदा वाचा फोडली ती आमच्या भाऊजींनी. उन्हाळ्यात सासुरवाडीला आले की दाराशी "जयभीम" घालून, पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आत डबा काखोटीला मारून ते काकांकडे पळत.

खेळ खरं तर एकच होता. दोन्ही बाजूंना दोन पांढऱ्या दांड्या, मध्ये ठिपका, आणि टुक टुक असा आवाज. पण भाऊजींना तेवढ्यावर समाधान कुठलं! पतंगाच्या कागदावर ते ताईकडून कबड्डीचं मैदान काढून घेत, कागद खळीने पडद्यावर चिकटवत, की झाली कबड्डी. दुसऱ्या दिवशी बैल काढले की शंकरपट. काकू बिचाऱ्या आठवडाभर नखाने काच खरवडत बसत. ठिपका कधी कोपऱ्यात अडकून नुसताच थरथरे. कधी गुण आपोआप वाढत, तर कधी डब्यातून फोडणी करपल्यासारखा वास येई. आणि ठिपका दांडीतून आरपार जाई, हे तर नेहमीचंच. मी एकदा भीत भीत तसं म्हणालो, तर भाऊजी म्हणाले, "हवा हाय ते. खऱ्या मैदानातबी हवा राह्यतेच ना!"

पण त्यांना खरा दगा दिला तो आम्हीच. आमच्याकडे जावयाचा मान मोठा. जावयाला ताटात पहिली पोळी, बसायला गादी. मग खेळात त्याला हरवायचं कसं? जो तो ठिपका आला की बटणावरचा हात हळूच काढून घेई. काका तर चक्क डोळे मिटत. भाऊजी सारखे जिंकत, आणि त्यांना वाटे यंत्रातच खोट आहे, ते एकाच बाजूने झुकतंय. मग चुलीत सळई तापवून डबा उघडायचा, एक तार इकडची तिकडे करायची. दर दुरुस्तीनंतर खेळ आणखी बिघडे, आम्ही आणखी नेटाने हरत असू, आणि "वा, जवाईबापू, वा!" म्हणत असू.

एका उन्हाळ्यात हे वाहवा प्रकरण अंगाशी आलं. जेवता जेवता भाऊजींनी जाहीर केलं, "मुंबईले गेलो का नोकरी सोडतो. टीव्ही-गेमचा कारखाना टाकतो. अनसिंगात एवढा आवडला, तं मुंबईत काहून नाई आवडनार?" आमच्या हातातले घास हातातच राहिले. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागली. पदरात दोन लहान लेकरं, राहायची खोली गिरणीची. नोकरी गेली की खोलीही जाणार. "माय, त्याईले कोनीतरी सांगा ना व," ती म्हणत होती. पण सांगणार कोण? काका म्हणाले, "जवायाले खोटा म्हनाव का आपन?" मी तर मेहुणा, माझं कोण ऐकतं!

आमची माय जावयासमोर कधी धड उभी राहिली नव्हती. डोक्यावर पदर घेऊन दाराआडून बोलायची, तेही दोन शब्द. दुसऱ्या दिवशी दुपारी ती काकांच्या बैठकीत आली, पदर खोचला आणि भाऊजींच्या शेजारी बसली. "द्या इकडं ते बटन," म्हणाली. काकांच्या हातातला चहा बशीत सांडला.

तिला खेळ येत होता असं नाही. बरणीचं झाकण आवळावं तसं ती बटण पिळत होती. पण हात काढत नव्हती! भाऊजींच्या दांडीतून ठिपका आरपार गेला, पुन्हा गेला, पुन्हा गेला, आणि माय जिंकली.

भाऊजी आनंदाने ओरडले, "पाहा! मशीन बरोबर हाय!"

"काई बरोबर नाई," माय म्हणाली. "रद्दी हाय तुमचं मशीन. हे समदे मुद्दाम हरून राह्यले, तुमी जवाई म्हनून. मुंबई काई तुमची सासुरवाडी नाई, जवाईबापू. तिथं कोनी मुद्दाम हरनार नाई."

भाऊजींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही सगळे प्लास्टिकच्या फुलांकडे पाहत होतो. फार वाईट वाटलं मला. मग त्यांनी दारातल्या ताईकडे पाहिलं, तिचे सुजलेले डोळे पाहिले. शेवटी म्हणाले, "नाई सोडत नोकरी." थोड्या वेळाने स्वतःशीच हसले आणि मायला (आमच्याकडे जावई सासूला आत्याच म्हणतो) म्हणाले, "पन आत्या, अजून एक डाव होऊन जाऊ द्या."

त्यानंतर दर उन्हाळ्यात सासू-जावयाची अशी जुंपायची की विचारू नका. माय हरली की "तुमी तार फिरवली!" म्हणून भांडायची, भाऊजी "आत्या, तुमी लबाडी करून राह्यल्या!" म्हणून ओरडायचे, आणि ताई हसून हसून भिंतीला टेकायची. पडद्यावर खरे कार्यक्रम दिसायला लागले तरी ते दोघं काकांना टीव्ही मोकळा करायला लावत.

माय गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात भाऊजी आले तेव्हा डबा सोबत होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो उघडला नाही. मग मीच उठलो, डबा उघडून काकांच्या टीव्हीला तारा जोडल्या आणि म्हणालो, "चला भाऊजी, होऊन जाऊ द्या." मी जीव तोडून खेळलो. बटणावरचा हात क्षणभरही काढला नाही. पण तो मेला ठिपका माझ्या दांडीतून आरपार गेला, पुन्हा गेला, आणि मी हरलो.

"आईशप्पथ भाऊजी, खरं खेळलो!"

"राहू दे गड्या," ते हळूच म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावू लागले.