मागीलदारची बहीण

माझ्या हातातली कुंकवाची वाटी माईंनी काढून घेतली. हिसकावली नाही. अलगद घेतली, तान्ह्याच्या हातातून सुरी घ्यावी तशी.

"अगंबाई! तू आमची पापलेटवाली ना? माहीमची?"

मी हसले. हो, हसले! मला वाटलं, ओळख निघाली, आता या मला जवळ बसवून घेणार. एकोणिसाव्या वर्षी मी एवढी शहाणी होते.

बायका सरकल्या. गालिच्यावर माझ्याभोवती जागा रिकामी झाली. एकीनं पदर नाकाला लावला. यातल्या गिरगावच्या बायका दर शुक्रवारी माझ्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालून मासळी निवडायच्या.

"हिला आत आणलं कुणी?" माईंनी विचारलं.

दिवाणखान्याच्या दारात माझा सख्खा भाऊ उभा होता. काळा झगा घातलेला, कालच बी. ए. झालेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझ्याबरोबर आली, माई. झग्याचं गाठोडं धरायला."

प्लेग मुंबईत यायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. आदल्या दिवशी पदवीदान झालं होतं. त्या दिवसांत दादाच्या कॉलेजचे जुने विद्यार्थी बायकामुलांसह गावोगावाहून मुंबईला येत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेळावा गिरगावात, माईंच्या घरी. माईंचे यजमान वकील, त्याच कॉलेजचे. पुरुषांची भाषणं दिवाणखान्यात, बायकांचं हळदीकुंकू लगतच्या खोलीत.

आम्ही माहीमचे कोळी. लहानपणीच बा म्हणाला होता, एकानं मासळीची टोपली घ्यायची, एकानं शाळेची पाटी. टोपली मी घेतली. बोलावणं सहकुटुंब होतं. बा येईना, आई नव्हती. मग दादा मला म्हणाला, "तू चल. पण त्यांच्यासारखी नेस. बोलू नकोस. आणि दोन्ही हातांत बांगड्या भर. उजवा हात रिकामा दिसला तर त्या तुला विधवा समजतील."

आमच्यात लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून दर्याला देतात. नवरा तुझ्या अंगावर जातोय, त्याला सांभाळ म्हणून. मग तो हात जन्मभर उघडा. माझा नवरा तेव्हा मचवा घेऊन तीन दिवस दर्यावर होता. कासारानं दोनदा विचारलं, "बाय, उजव्या हातात? नक्की?" मी म्हटलं, "भर." चार तास लिंबानं अंग घासलं. साल निघाली, वास निघाला नाही. वर आरशात बघून मुरडले. दर्याला दिलेलं परत घेतलं मी, चार बायकांनी सवाष्ण म्हणावं म्हणून! अशी ती येडी पोर.

"मागीलदारी बस जा," माई म्हणाल्या. "फराळ देतील तिकडे. उपाशी नको जाऊस हो."

आणि मी गेले. निमूट. मोरीजवळ बसले. लाडू दिला, तो खाल्ला. चांगला होता. आजही तोंडाला चव आली की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आतून दादाचा आवाज आला. भाषण सुरू झालं होतं. काय गोड बोलला! आपल्या अज्ञानी भगिनींना आपणच हात दिला पाहिजे, त्यांना अंधारात ठेवून आपली विद्या काय कामाची. टाळ्या पडल्या. मी भगिनी, तिथं मोरीशी, लाडवाचा चुरा चाटत.

मी उठले.

धुण्याच्या दगडावर उजवं मनगट आपटलं. एकदा, दोनदा. बांगड्या फुटल्या, काच रुतली. रक्त पुसलंही नाही. तशीच दिवाणखान्यात गेले. सगळे बाप्ये बघत राहिले.

"याची भगिनी मी," मी म्हटलं. "सख्खी. एका आईची. विचारा त्याला."

मी दादाकडे बघत होते. एक शब्द हवा होता मला. हो. बस, एवढाच.

त्यानं हातातले कागद सारखे केले. म्हणाला, "हिला कुणीतरी बाहेर न्या."

कुणाला न्यायची वेळ दिली नाही मी. जोडे ओलांडून पुढच्या दारानं उतरले.

माहीमच्या वाळूत दोन दिवस बसून होते. मचवा येईना. मीच बुडवला, मीच बुडवला, एवढंच बडबडत होते. तिसऱ्या दिवशी नवरा आला, धडधाकट, वर विचारतो, "हाताला काय झाला गो?" दर्याला माझ्या मनगटाकडे बघायला सवड नव्हती. पण त्या पोरीला हे कोण सांगणार?

आठवड्यानं दादा कोळीवाड्यात आला. वाड्यातला पहिला बी. ए. वाजंत्री लावली, पाट मांडला. बानं माझ्या हाती तबक दिलं.

"ओवाल गो बाय. भाव हाय तुजा."

मी तबक खाली ठेवलं. "पयला त्यांना सांग, दादूस. त्याच घरान, त्याच मानसांसमोर. मंग ओवालीन."

"येडी झालीस का? त्यांनीच लावलेली माजी नोकरी जाईल!" घाईत आमची बोली निघाली त्याच्या तोंडून.

बा रडला. माझ्या पाया पडला. बाप पाया पडतोय आणि मी दगडासारखी उभी. वाडा थुंकला माझ्यावर. मी तबकाला हात लावला नाही.

पस्तिशी उलटल्यावर पोराच्या पाटीवर अक्षरं गिरवली, ती हे लिहिता यावं म्हणून. दादा आता दादरला असतो, पेन्शन खातो. दर भाऊबीजेला लुगडं पाठवतो. मी परत करते.

दादा, तुलाच सांगतेय. माई गेल्या, वकील गेले. त्यांची मुलं त्याच घरात राहतात. काठी टेकत जा, जिना चढ, आणि त्यांना सांग, ती माझी बहीण होती. नाही जमलं तर माझ्या मातीलाही येऊ नकोस. तिथं कुणीतरी विचारेलच, ही तुमची कोण. या वयात पुन्हा खोटं बोलायचे कष्ट तुला नकोत.

तसं पोरांना सांगून ठेवलंय.