वहीवाला डॉक्टर आणि बारशाआधीची पोरं

डॉक्टर सयाजी घाडग्यांना आमच्या खोऱ्यात डॉक्टर मानायला कुणी तयारच नव्हतं. गळ्यात नळी न्हाई, बॅगेत सुई न्हाई, गोळीची पुडी न्हाई. काखेत हे एवढं जाडजूड रजिस्टर आणि खिशाला दोन पेनं. लांबनं जीप दिसली की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, "आला गं बाई वहीवाला!" आणि मी जोतीराम, फौजेत बारा वर्षं ट्रक हाकून आलेला गडी, त्या वहीवाल्याचा ड्रायव्हर. खरं सांगतो, पहिलं सहा महिनं मला त्या नोकरीची लाज वाटायची. मूठभर धान न्हाई की औषध न्हाई, लोकांच्या दारात जाऊन नुसतं इचारायचं, हे काय काम झालं?

ही गोष्ट त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालची. सांगलीच्या बाजूला एका मेडिकल कॉलेजात डॉक्टर शिकवायला व्हते, आणि शिकवून उरलेल्या येळात त्यांचा हा सर्व्हे, कुणाची तान्ही पोरं गेली ते मोजायचा. सोमवारी सकाळी सांगली सोडायची. बाजारातल्या हळदीचा वास मागं पडेपर्यंत डॉक्टर गप्प. इस्लामपूर गेलं की तोंड उघडायचं. कराडला स्टँडासमोर चहा, मग पाटण, आणि तिथनं आत डोंगरात आमची चोवीस गावं. जीप कसली, नुसता खटारा. चढ आला की डॉक्टर स्वतः उतरून ढकलायचे, पण त्याआधी रजिस्टर माझ्या मांडीवर देऊन म्हणायचे, "जोतीराम, गाडी गेली तरी चालंल, ह्याला सांभाळा." मला असा राग यायचा! पण आज तो खटारा, तो चहा, ते ढकलणं आठवलं की वाटतं, गड्या, ते दिवस लय बरे व्हते.

डॉक्टर मूळचे लोणंदकडचे. बाप कांदा पिकवणारा, तोंडानं फटकळ. एकदा पुण्याला जाताना त्यांच्या घरी जेवायला थांबलो, तर म्हातारा माझ्यासमोरच म्हणाला, "आवं ड्रायव्हर, पोराला डॉक्टर करायला गेलो आणि झाला तलाठी. ह्याच्या बरोबरीच्यानं फलटणात दवाखाना टाकला, रांग लागतीया दारात. आमचा हिंडतोय डोंगरात, माणसं मोजत." डॉक्टर खाली मान घालून भाकरी मोडत बसले. कांद्याची पात मात्र दोनदा मागून घेतली.

मग परतीच्या वाटेवर मीच इचारलं. म्हणलं, "सायेब, राग मानू नका. तुमचं सवताचं कुणी गेलंय का असं? भाऊ, भैण?" कारण खोऱ्यात बाया तसंच बोलायच्या. ह्याचं कुणीतरी गेलं असंल, त्याबिगर माणूस असा येड्यासारखा हिंडतोय व्हय?

डॉक्टर मोठ्यानं हसले. "माझं कुणी गेलं न्हाई, जोतीराम. माझंच कुणी जायला लागतंय व्हय?"

आणि मग सांगितलं. शिकून नुकतेच बाहेर पडले तवा दवाखान्यात एका आठवड्यात दोन तान्ही पोरं आली, दोन्ही पाटणच्या डोंगरातली. सहा-सात दिवसांची. चांगली दूध पीत व्हती, एकाएकी तोंड मिटलं, दातखीळ बसावी तसं. अंग ताठ, हात लावला की आचके. धनुर्वात. दोन्ही गेली. डॉक्टरांनी त्यातल्या एका आईला इचारलं, नाळ कशानं कापली? विळ्यानं. वर काय लावलं? राख. आणि ती बाई शांतपणानं म्हणाली, आमच्याकडं असंच जातात.

"असंच जातात मंजी किती?" डॉक्टर मला म्हणाले. "तिला म्हाईत न्हाई. मोठ्या सायबाला म्हाईत न्हाई. कुठल्या कागदावर न्हाई. पोटुशी बाईला दोन सुया दिल्या तर ते पोर वाचतंय, आणि ती सुई कुठं द्यायची ते कळत न्हाई, कारण कुणी मोजलंच न्हाई! दवाखान्यात येतोय त्याला बघायला हजार डॉक्टर हायत. जो आलाच न्हाई, त्याचं काय?" मग म्हणाले, "आणि दुसरं सांगू? मला आकडा खोटा लागला की जेवण जात न्हाई. खोडच हाय ती."

मी म्हणलं, खोडच म्हणायची.

तर त्या सर्व्हेचं असं व्हतं. वरच्या हापिसानं कळवलेलं, तुमच्या खोऱ्यात पोरं मरतात ते आकड्यानं दाखवा, मग सुया देतो. डॉक्टरांनी रात्रंदिवस खपून फॉर्म तयार केला. सायक्लोस्टाईलवर काढलेला, हाताला काळं लागायचं. पहिला रकाना मुलाचं नाव, मग जन्म कवाचा, हयात का मयत, मयत असलं तर किती दिवसांचं असताना. मागल्या धा वर्षांचं इचारायचं. बायांना साल सांगता यायचं न्हाई, त्या सदुसष्ट सालच्या भूकंपावरनं सांगायच्या. भूकंपाआधी दोन, भूकंपात हा पोटात व्हता, त्याच्यामागनं ही. डॉक्टर भूकंपाचं साल धरून पुढंमागं मोजत बसायचे. चोवीस गावं, दोन हजारावर घरं, वर्ष गेलं.

आणि निघाली किती? म्हयन्याच्या आतली गेलेली पोरं, धा वर्षांत, सगळी मिळून एकवीस.

वरच्या हापिसातले मोठे सायेब आकडा बघून हसले. मी दारातच उभा व्हतो. म्हणाले, "घाडगे, अहो तुमचं खोरं तर पुण्याहून बरं निघालं! तिथं सुया कशाला पाठवायच्या? मार्चअखेर हे सगळं आवरा." डॉक्टरांनी कागद गोळा केले. जीपमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "ही एकवीस खोटी हायत. पण कुठं चुकलं ते मला दिसत न्हाई, जोतीराम." त्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं. तवा पहिल्यांदा मला त्यांचा राग आला न्हाई, कीव आली.

मार्च यायला दोन म्हयने व्हते. पाटणच्या वरच्या अंगाला एका गावात बनुबाई म्हणून सुईण व्हती, सत्तरीची, पण आवाज असा की पलीकडच्या वाडीला ऐकू जावा. सगळ्या गावाची पोरं तिच्या हातची. तिची सून अंजना पहिल्या फेरीत माहेरी गेलेली, तिचा फॉर्म राहिला व्हता. एक फॉर्म भरून काय व्हणार व्हतं? पण डॉक्टर म्हणाले, राहिलाय मंजी भरायचा.

अंजना उंबऱ्याच्या आत, डॉक्टर बाहेर घोंगड्यावर, मी खांबाला टेकून.

"पोरांची नावं सांगा ताई."

"आकाराम आनि लालासाहेब."

"आणखी?"

"न्हाई. दोनच."

बनुबाई चुलीपुढनं ओरडली, "अगं भवाने, दोन कशी? आनि ती मधली?"

अंजना गोंधळली. "आत्याबाई, त्यांनी नावं इचारली की."

"मग?"

"तिचं बारसं कुठं झालं व्हतं? सातव्या दिवशी गेली ती. तिला नाव कुठलं?"

डॉक्टरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. बनुबाई फुंकणी घेऊनच बाहेर आली, त्यांच्यापुढं बसली आणि हसत म्हणाली, "येडा रं येडा! लेकरा, तू दारोदार नावं लिवत हिंडतोस. बाराव्या दिवसाआधी गेलेल्याला नाव कोन ठेवतंय? ज्याला नावच न्हाई ते बाया तुला सांगतील कसं? सटवाईनं नेलं म्हणायचं आनि गप बसायचं. माझ्या एकटीच्या हातची मी आठवली तरी बोटं पुरायची न्हाईत."

मला वाटलं डॉक्टर आनंदानं उडी मारतील. चूक सापडली की! पण त्यांनी ते रजिस्टर मिटलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. मग अंजनाला म्हणाले, "ताई, चूक माझी हाय. पहिलाच प्रश्न चुकीचा इचारला मी." ती बिचारी पदर चाचपत राहिली. डॉक्टरनं आपल्यापुढं चूक कबूल करायची, हे तिनं कधी बघितलं नसणार. मीबी नव्हतं बघितलं.

सांगलीला गेल्यावर त्यांनी मोठ्या सायबांकडनं भांडून तीन म्हयने मागून घेतले. चार नर्सबाया मिळवल्या. नवा फॉर्म काढला, त्यात पहिला प्रश्न, किती येळा बाळंत झालात? आणि मग, बारशाआधी कोण गेलं का? नाव असलं तर लिहायचं, नसलं तर फुली, पण ओळ सोडायची न्हाई. आम्ही पुन्हा पहिल्या घरापासनं निघालो. ह्या फेरीला बाया हसल्या न्हाईत. एकेक जण सांगायला बसली की उठायची न्हाई. वर्षानुवर्षं त्यांना हे कुणी इचारलंच नव्हतं. नर्सबाया रडायच्या, मग डॉक्टर त्यांना म्हणायचे, "रडा, पण फॉर्म ओला करू नका." आणि सवता जीपच्या पलीकडं जाऊन नाक शिंकरायचे.

त्याचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. एकवीसच्या जागी एकशे अठ्ठेचाळीस निघाली, त्यातली शंभरावर चौथ्या ते दहाव्या दिवसातली, दातखीळ बसलेली. मोठे सायेब हसले न्हाईत. त्या साली दिवाळीच्या सुमारास खोऱ्यात सुया आल्या. पुढल्या दोन सालांत बनुबाईच्या गावात सातव्या दिवशी एकबी पोर गेलं न्हाई. हे म्हातारीनं मला सवता पाटणच्या बाजारात गाठून सांगितलं.

पण मला सांगायचंय ते त्या फेरीतल्या शेवटच्या घराचं.

चोवीस गावांत माझं गाव व्हतं. गावांची रांग मी ठरवायचो, रस्ते मला ठाऊक. म्हणून माझं गाव मी शेवटाला ठेवलं, आणि माझ्या गावात माझं घर शेवटाला. मे म्हयना व्हता. घराजवळ आलो आणि मी जीप थांबवलीच न्हाई.

"अहो, सत्ताविसावं घर राहिलं," डॉक्टर म्हणाले.

"तिथं काय न्हाई सायेब. दोन पोरं, दोन्ही ठणठणीत. मी सांगतो की, लिहा."

"असं तुम्ही सांगून मी कसं लिहिणार? बाईंना इचारायला लागंल."

माझं डोकं फिरलं. "आवं, माझंच घर हाय ते! मला म्हाईत न्हाई का माझ्या घरात काय हाय ते?" ब्रेक दाबून एवढं ओरडलो की पारावरची माणसं उठून उभी राहिली. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. उतरले, रजिस्टर काखेत मारलं आणि चालत माझ्या घराकडं निघाले. त्यांनी जाऊ दे म्हणलं असतं, तर मी सुटलो असतो. पण ओळ सोडायची न्हाई, म्हणजे न्हाई. मग मीबी मागनं गेलो, काय करणार?

माझी बायको शालूबाई दारात गहू निवडत व्हती. उठली, घोंगडं टाकलं, पाण्याचा तांब्या दिला. डॉक्टरांनी इचारलं, किती येळा बाळंत झालात?

"तीन."

मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. भूकंपाच्या आदल्या सालची गोष्ट ती. मी सरहद्दीवर, हिकडं पोरगा झाला. तिनं मास्तरकडनं पत्र लिहून घेतलं, मुलगा झालाय, नाव काय ठेवायचं ते कळवा. मी बराकीत सगळ्यांना पेढे म्हणून साखर वाटली आणि त्याच दिवशी उत्तर टाकलं. सुट्टीवर आलो तवा पाळणा माळ्यावर चढलेला. तिनं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. माझं पत्र पोचलं का न्हाई, तेबी कधी इचारलं न्हाई. पुढं दोन पोरं झाली, पण त्याचा विषय आमच्यात निघाला न्हाई. आठ वर्षं.

"बारशाआधी कोण गेलं का?"

"थोरला. सातव्या दिवशी. दूध तोडलं आनि ताठ झाला." एवढं ती सरळ सांगून गेली.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. नावाच्या रकान्यात फुली मारायला पेन टेकवलं आणि सवयीनं म्हणाले, "बारसं न्हाई, मंजी नाव न्हाई."

"हाय की!" शालूबाई म्हणाली. "नाव हाय त्याला. फुली नगा मारू. ह्यांच्या पत्रात आलं व्हतं. पत्र आलं तवा त्याला जाऊन अकरा दिवस झालं व्हतं. मग मी एकटी गेले, वढ्याकडंला पुरलाय तिथं, आनि खाली वाकून तीनदा सांगून आले त्याला. ज्ञानू. ज्ञानू. ज्ञानू."

डॉक्टरांनी नावाच्या रकान्यात ज्ञानू लिहिलं, पुढं माझं नाव, आडनाव. मी शालूबाईच्या शेजारी त्या गव्हातच खाली बसलो आणि बारक्या पोरासारखा मोठ्यानं रडलो.